गुळाच्या पाण्यातला कान

माझा डावा कान जन्मापासूनच पुरता झालेला नाही. तुरीच्या शेंगेसारखी एक दुमडलेली पट्टी आणि खाली मऊसा गोळा, एवढंच काय ते आहे. त्या बाजूनं ऐकू जवळजवळ येतच नाही. उजवा कान मात्र दोघांचं काम करतो, आणि आमच्या मायच्या मते जरा जास्तच करतो, कारण स्वयंपाकघरात कुणाबद्दल काय बोलणं चाललंय ते मला अंगणात बसून कळायचं.

आमचं घर वाटूरचं. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक. माझ्या कानाचं कारण गावातल्या बायकांनी कधीच शोधून ठेवलेलं होतं: मायनं ग्रहणात भाजी चिरली होती. पौर्णिमेला विहारात सगळे जमले की कुणीतरी हळूच हा विषय काढायचंच. बाबा एकदा वैतागून म्हणाले, "ग्रहण तर समद्या गावाला लागलं व्हतं. मंग एका माह्याच पोरीचा कान कसा काय गेला? भाजी तर समद्यांनीच खाल्ली." त्यानंतर निदान बाबांच्या देखत तो विषय निघाला नाही.

माय रोज सकाळी दोन वेण्या घालायची, आणि डावी वेणी अशी काही फिरवायची की कान तिच्या आत जाऊन बसायचा. शाळेत मी डाव्या हाताच्या भिंतीला चिकटून बसायचे, म्हणजे सगळा वर्ग आणि गुरुजी उजव्या बाजूला यायचे. मैत्रिणींनी या कानाचा एक उपयोगही शोधून काढला होता. कुणाला काही गुपित सांगितल्याशिवाय राहवत नसलं, की ती येऊन माझ्या डाव्या कानात सांगायची. मन मोकळं व्हायचं आणि बात बाहेर जायची नाही. मी आपली गंभीर चेहऱ्यानं मान हलवायचे. मला वाटतं, गावातली निम्मी गुपितं माझ्यापाशी होती आणि त्यातलं एकही मला ठाऊक नव्हतं.

मी बारावी होऊन जालन्याला कॉलेजात जायला लागले त्या वर्षीची गोष्ट. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. सकाळी मी वाटूर फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते. गाडी आली, पण आमच्याच गावच्या कंडक्टरनं बेल मारायच्या आधी खिडकीतून पेपर बाहेर काढला आणि ओरडला, "ताई, हे पाहा! तुमचा कान आला पेपरात!"

फोटोत एक बिनकेसांचा उंदीर होता आणि त्याच्या पाठीवर माणसाचा अख्खा कान उगवला होता. पाळी, घड्या, सगळं जिथल्या तिथं.

त्या दिवशी संध्याकाळी घरी येईस्तोवर तोच फोटो आमच्या घरी वेगवेगळ्या पेपरांतून येऊन पडला होता. किराणा दुकानदारानं पाठवला होता, पोस्टमन देऊन गेला होता, हेडमास्तरांनी तर कात्री लावून कात्रण करून आणलं होतं. सगळ्यांच्या मनात एकच, की पोरीचं काम झालं. माय फोटो उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली.

"का हो," तिनं बाबांना विचारलं, "हा उंदीर ह्या कानानं ऐकतो का?"

बाबा म्हणाले, "ते काय लिव्हलं न्हाई."

"न्हाई लिव्हलं म्हंजे न्हाई ऐकत. आन् मला पोरीला उंदराचा कान लावायचा न्हाई. सांगून ठेवते."

मी हसत होते, पण फोटोवरून माझी नजर हटत नव्हती. हा कान केला कसा, हे मला जाणून घ्यायचंच होतं. दुसऱ्या दिवशी कात्रण घेऊन मी प्राणिशास्त्राच्या मॅडमकडे गेले. त्यांनाही पुरतं ठाऊक नव्हतं. आठवडाभरानं त्यांनी कुठून कुठून वाचून मला समजावलं. तो कान माणसाचा नव्हता आणि उंदराचाही नव्हता. विरघळून जाणाऱ्या एका पदार्थाचा कानाच्या आकाराचा सांगाडा केला होता, त्यात गाईच्या कूर्चेच्या जिवंत पेशी सोडल्या होत्या आणि तो उंदराच्या कातडीखाली ठेवला होता. कूर्चा म्हणजे कानात आणि नाकाच्या शेंड्यात असतं ते मऊ, वाकणारं हाड. पेशी वाढल्या, सांगाडा विरघळत गेला, आकार तेवढा राहिला.

"म्हणजे ओतकाम झालं," मी म्हणाले.

"ओतकामच. फक्त ओतलेलं जिवंत आहे," मॅडम म्हणाल्या.

माझ्या आयुष्याची दिशा ठरण्याइतकं ते वाक्य मोठं नव्हतं. पण बीएस्सी संपल्यावर मी औरंगाबादला एमएस्सी करायचं ठरवलं तेव्हा विषय निवडायला मला वेळ लागला नाही, एवढं खरं.

औरंगाबादला असताना बाबा एकदा मला प्लास्टिक सर्जनकडे घेऊन गेले. डॉक्टर चांगले होते. त्यांनी कान नीट तपासला आणि सांगितलं, की छातीच्या बरगडीची कूर्चा काढून तिच्यातून कान कोरतात, तो कातडीखाली बसवतात, आणि काही महिन्यांनी पुन्हा ऑपरेशन करून मोकळा करतात. दिसायला कान होतो, ऐकायला मात्र त्यानं फरक पडत नाही. बाबा तयार होते. मी विचार करते म्हणाले. परतताना बसमध्ये बाबा म्हणाले, "तुला काय वाटून राह्यलं? खरं सांग."

मी म्हणाले, "बाबा, चप्पल शिवायला छत्री फाडल्यासारखं वाटतंय."

बाबा एवढ्या मोठ्यानं हसले की पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. मायला मात्र ही तुलना आवडली नाही. तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

एमएस्सी झाल्यावर मी जालन्यातच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. नवीन जालन्यात खोली घेतली होती. खाली बियाण्यांच्या कंपनीचं ऑफिस, वर मी. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची रसायनशास्त्राच्या सरांच्या शेजारी, अर्थात त्यांच्या डाव्या हाताला, म्हणजे ते माझ्या उजव्या कानाला यायचे. सर निवृत्तीला आले होते आणि त्यांना नव्या गोष्टींची भयंकर हौस होती. घरी संगणक होता, प्रिंटर होता आणि रोज रात्री इंटरनेटवर बसायची सवय होती. एक दिवस ते छापलेले कागद घेऊन आले आणि माझ्यापुढं टाकले.

"मॅडम, हे वाचा. परदेशात साध्या प्रिंटरमधून जिवंत पेशी छापून राह्यले."

मला वाटलं, नेहमीसारखी थट्टा. पण खरंच तसं होतं. शाईच्या जागी पेशी मिसळलेला द्राव भरायचा, कागदाच्या जागी मऊ जेलीचा थर ठेवायचा, आणि एकावर एक थर छापत वर यायचं. ओतकामाला साचा लागतो, इथं साचाच नको. ज्या जागी जी पेशी हवी तिथं ती ठेवता येणार. आमच्या उंदराच्या पुढची गोष्ट होती ही.

"सर, आपण करून बघायचं?"

"मी मंग कागद कशाला आणले?"

कूर्चेच्या पेशी आमच्या कॉलेजात वाढवणं शक्यच नव्हतं. त्याला निर्जंतुक खोली लागते, ठराविक उष्णता लागते, पेशींना खायला घालावं लागतं. पण यीस्ट जिवंतच असतं, बेकरीत मिळतं, आणि त्याचे लाड करावे लागत नाहीत. जेलीसाठी सरांनी औरंगाबादहून समुद्री शेवाळापासून केलेली पावडर मागवली. दातांच्या डॉक्टरांकडे दाताचा साचा घेताना जे गुलाबी मऊ मिश्रण तोंडात भरतात, त्यातही हीच असते. ती पाण्यात कालवली की मधासारखा द्राव होतो, आणि त्याला कॅल्शियमचं पाणी लागलं की जागच्या जागी थिजतो. त्यात यीस्ट मिसळायचं, बस्स.

पहिला बळी सरांच्या घरच्या प्रिंटरचा गेला. आम्ही शाईची डबी धुऊन त्यात आमचा द्राव भरला. प्रिंटरनं दोनदा घरघर केली, कागद अर्धा आत ओढला आणि कायमचा गप्प झाला. तोंडाशी सगळा द्राव चिकटून बसला होता. सरांच्या पत्नी दारात उभ्या राहून बघत होत्या.

"साबुदाण्याची खीर पाजली का त्याला?" त्यांनी विचारलं.

"खीर न्हाई, विज्ञान," सर म्हणाले.

"मंग विज्ञानालाच सांगा आता लाइट बिलाच्या झेरॉक्सा काढायला."

प्रिंटरचा नाद सोडावा लागला. मी रात्रभर विचार केला असं नाही, पण आंघोळीच्या वेळी मला मेंदीचा कोन आठवला. मेंदी मी चांगली काढायचे, गावातल्या लग्नांत हक्कानं बोलावणं असायचं. बारीक तोंडाच्या कोनातून एकसारखी धार सोडायची आणि हात थांबू द्यायचा नाही, हे मला येत होतं. यंत्र नसलं तर हात होता.

सरांनी माझ्या उजव्या कानाचा फोटो काढला. तो मोठा करून काचेखाली ठेवला आणि वरून मी कोनानं रेघा सोडायला लागले. पहिल्या प्रयत्नात सगळं पिठल्यासारखं पसरलं. कॅल्शियमच्या पाण्यात बुडवून काढायला गेलो तर रेघा शेवयांसारख्या गुंडाळल्या गेल्या. द्राव घट्ट केला तर कोन फुटला आणि सरांच्या सदऱ्यावर यीस्टचा पट्टा उमटला. शिपाई मामा येऊन वास घ्यायचे आणि म्हणायचे, "आज बी पाव भाजायला न्हाई का?"

अडत होतं एका जागी. पहिला थर थिजल्याशिवाय दुसरा चढवता येत नव्हता, आणि पाणी ओतलं की थर हलायचा. त्या शनिवारी बाबा जालन्याला आले होते. स्टेशन रोडवरच्या सलूनमध्ये ते केस कापून घेत होते आणि मी बाहेर बाकावर त्यांची वाट बघत होते. न्हाव्यानं बाबांच्या केसांवर बाटलीतून फवारा मारला. धुक्यासारखं बारीक पाणी केसांवर बसलं आणि एकही केस हलला नाही. मी तशीच उठून आत गेले.

"दादा, ही बाटली कुठं मिळते?"

न्हाव्यानं बाबांकडे बघितलं, बाबांनी माझ्याकडे. "देऊन टाका हो," बाबा म्हणाले, "ती आता ऐकायची न्हाई."

फवाऱ्यानं काम झालं. एक थर, त्यावर कॅल्शियमच्या पाण्याचं धुकं, थोडं थांबणं, वर दुसरा थर. मी श्वास रोखून रेघा काढायचे, सर फवारा मारायचे. दुपार कलली तेव्हा काचेवर हाताच्या बोटाएवढ्या लांबीचा, दुधी रंगाचा, हात लावला की थरथरणारा कान तयार होता. सरांनी चष्मा वर केला, खाली केला.

"मॅडम, छान झाला. पण हा उजवा आहे."

खरंच की. मी माझ्या उजव्या कानाचा फोटो गिरवला होता. मला हवा होता डावा. एवढ्या धडपडीत दोघांपैकी एकाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. आम्ही दोघं टेबलाला धरून हसत राहिलो. दुसऱ्या दिवशी चित्र बटर पेपरवर उतरवलं, कागद उलटा केला आणि डावा कान काढला.

कॉलेजात विज्ञान दिनाचा कार्यक्रम होता. माय आणि बाबा वाटूरहून आले. काचेच्या भांड्यात कोमट गुळाचं पाणी ठेवलं, त्यात मी कान अलगद सोडला. तो तळाशी जाऊन बसला. मी सांगितलं, की आत जिवंत पेशी आहेत, त्या गूळ खातील आणि वायू सोडतील. मुलं पुढं सरकली. काहीच घडेना. मागून कुणीतरी म्हणालं, "कानाला ऐकू येईना वाटतं." सगळे हसले. सर घड्याळ बघत होते.

मग कानाच्या कडेनं बुडबुड्यांची एक बारीक माळ वर आली. मग आणखी एक. थोड्याच वेळात अख्खा कान बुडबुड्यांनी भरून गेला, एका बाजूनं उचलला गेला आणि डुलत डुलत पाण्याच्या वर येऊन तरंगायला लागला. मुलांनी टाळ्या पिटल्या, बाकं वाजवली. माय पहिल्या रांगेत होती. ती उठून भांड्यापाशी आली आणि वाकून बघत राहिली.

"जित्ता हाय?"

"हो माय. पण कान न्हाई तो. कानाच्या आकाराचं यीस्ट आहे."

"राहू दे. जित्ता हाय न," ती म्हणाली. ज्या बाईनं उंदराचा कान नाकारला होता, तिला खमिराचा कान चालला.

एका स्थानिक पेपरचा वार्ताहर तिथं होता. मी त्याला दोनदा समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला, 'जालन्यात तयार झाला माणसाचा कान!' स्टाफरूममध्ये दिवसभर थट्टा चालली. शिपाई मामांनी नाकाची ऑर्डर दिली. मीही हसत होते. मंगळवारी मात्र हसणं थांबलं.

परतूर तालुक्यातलं एक जोडपं मला शोधत कॉलेजात आलं. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, बायको विशीतली. तिच्या कडेवर टोपडं घातलेली तान्ही मुलगी. नवऱ्यानं घडी घातलेला पेपर टेबलावर ठेवला आणि मुलीचं टोपडं काढलं. डावा कान माझ्यासारखाच होता. तीच शेंग, तोच गोळा.

"कवा आणायचं हिला?" त्यानं विचारलं. "तुम्ही म्हणसाल तवा येतो."

मी सरळ सांगितलं. "दादा, पेपरात चुकीचं छापून आलं. मी कान बनवला न्हाई. पाव फुगवायला जे वापरतात ना, त्याला कानाचा आकार दिला. खऱ्या माणसाला बसवायचा कान असा अजून जगात कुणालाच करता येत न्हाई."

त्याचा चेहरा उतरला. बायको मुलीला पुन्हा टोपडं घालायला लागली. मला ते बघवेना. मी माझी वेणी सोडली, केस मागं घेतले आणि मान वळवली. कॉलेजातल्या कुणीच तोवर माझा तो कान पाहिला नव्हता. सर शेजारीच बसले होते, ते खिडकीबाहेर बघायला लागले.

"अगं बाई," ती म्हणाली. मग हात पुढं करून तिनं माझ्या कानाला बोट लावलं. "दुखतो का?"

"न्हाई. कधीच न्हाई दुखला."

"ऐकू?"

"ह्या बाजूनं न्हाई येत. दुसऱ्या बाजूनं सगळं येतं, नको ते बी येतं."

ती हसली, आणि तिच्यामागोमाग तिचा नवरा. मग ती प्रश्नच विचारत सुटली. बोलायला उशिरा लागलीस का, शाळेत पोरं चिडवायची का, झोपताना कुठल्या कुशीवर झोपतीस. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी मोठ्या आनंदानं दिलं: उजव्या कुशीवर, म्हणजे शेजारच्या लग्नाचा बँड ऐकू येत नाही. मी त्यांना सांगितलं, की आधी औरंगाबादला नेऊन हिचं ऐकणं तपासून घ्या. उजवा कान ठीक असला तर भाषेला काही अडचण नाही, फक्त बोलायचं ते त्या बाजूनं. बरगडीतून कान कोरण्याचंही सांगितलं, की ती शाळकरी झाली म्हणजे करता येतं, आणि तेव्हा तिलाही विचारा. आमच्या कामाबद्दल एवढंच म्हणाले, की ते पुढं सरकेल, पण मी भरवसा देणार नाही.

"मंग तुम्ही न्हाई केला तो? बरगडीचा?" नवऱ्यानं विचारलं.

"मला नको वाटला. हिला हवासा वाटंल. ज्याचं त्याचं."

जाताना ती बाई दारातून परत आली आणि वेणी घालायला मला मदत करून गेली. दोन्ही कान उघडे राहतील अशी घातली. आरशात बघितल्यावर मला ते रुचेना, मी घरी जाऊन पुन्हा माझ्या सवयीची घातली. पण त्या आठवड्यात मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधनासाठी अर्ज केला. सरच शेवटच्या तारखेला पोस्टात टाकून आले.

पुण्यात मला यीस्ट सोडून खऱ्या कूर्चेकडे वळता आलं. पेशी मिळवायच्या बकऱ्याच्या कानांतून, आणि कान मिळायचे खाटकाकडे. मी सकाळी लवकर डबा घेऊन रांगेत उभी राहायचे. हे फोनवर कळल्यावर माय म्हणाली, "एवढं शिकवलं ते खाटकापुढं कान मागायला?" तिथं कोनाच्या जागी यंत्र होतं, मोटरनं सरकणारी सिरिंज, थर मोजूनमापून सोडणारी. सुरुवातीला पेशी मरायच्याच. सुईतून दाबून जाताना त्यांना सोसायचं नाही. द्राव पातळ केला तर जगायच्या, पण आकार बसकायचा. या ओढाताणीत बरेच महिने गेले. एकदाचा सदऱ्याच्या बटणाएवढा तुकडा जमला, आणि पंधरवड्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर बहुतेक सगळे ठिपके हिरवे होते. हिरवा म्हणजे जिवंत. मी आधी बाबांना फोन केला, मग सरांना. सर म्हणाले, "बटण झालं ना? सदरा व्हायला किती वेळ लागतो!" वेळ लागतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

ते जोडपं कॉलेजात येऊन गेल्यानंतरच्या तिसऱ्या दिवाळीत मी परतूरला त्यांच्या घरी गेले. मुलगी अंगणवाडीत जायला लागली होती. आईनं बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं, हिला डाव्या भिंतीला बसवा. मुलगी खणखणीत बोलत होती आणि कुणाचं ऐकत नव्हती, पण ते कानामुळं नव्हे. मी पिशवीतून हिरव्या ठिपक्यांचा फोटो काढून तिच्या हातात दिला.

"हे काय हाय?"

"बकरीच्या कानातले बारके बारके जीव."

तिनं फोटो उलटा करून बघितला. "मंग बकरी कुठं गेली?"

तिचा बाप पदर तोंडाला लावलेल्या बायकोकडे बघून हसू दाबत होता. तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "आमची हाय. चाल, दाखवते," आणि माझं बोट धरून मला घरामागं गोठ्याकडे ओढत घेऊन गेली.